पाणी सरकलं, जागा तिथेच होती: ओहोटीच्या वाळूत हरवलेल्या अंगठीचं प्रकरण

अंगठी अठरा कॅरेट सोन्याची, बिनखड्याची, जरा रुंद पट्टीची. आतल्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली. नवरा-बायकोने एकाच घडणीच्या दोन करून घेतल्या होत्या, त्यांतली बायकोची. संध्याकाळी समुद्रातून बाहेर येऊन अंग पुसताना बोट मोकळं दिसलं. वाळूचा किनारा, लाटा बेताच्या, ओहोटी सुरू. पाण्यात शिरताना अंगठी बोटात होती याबद्दल घरात दुमत नव्हतं. बाकी प्रत्येक गोष्टीबद्दल होतं.

त्याच रात्री एकदा शोध झाला, काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी माझा मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, घेऊन गेलो आणि अंगठी मिळाली. दोन्ही वेळची यंत्रं वेगळी होती, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या यंत्राला देऊन मंडळी मोकळी झाली. मला ते पटत नाही. रात्री माझंच यंत्र तिथे असतं तरी अंगठी मिळाली नसती, कारण ते ज्या वाळूवर फिरलं असतं तिथे ती नव्हतीच.

रात्रीचा शोध

बाईंच्या धाकट्या दिरांकडे मेटल डिटेक्टर होता. हौसेने घेतलेला, एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा, कोरड्या वाळूत नाणी शोधायला उत्तम. रात्री नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन ते, त्यांचा भाऊ आणि वहिनी किनाऱ्यावर गेले. दिरांनी विचारलं, "वहिनी, कुठे होता तुम्ही?" वहिनी पाण्याकडे चालत गेल्या, पाणी गुडघ्याच्या वर आलं तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "साधारण इथेच. कमरेपर्यंत असेल फार तर." दिरांनी तिथून पुढे-मागे चांगला दीड तास यंत्र फिरवलं. बाटल्यांची बुचं निघाली, दोन-चार गंजकी नाणी निघाली, गळाला लावायचं शिशाचं वजन निघालं.

या शोधात मेहनत कमी पडली नव्हती. प्रश्न नीट विचारला होता, उत्तरही प्रामाणिक होतं. पण बाईंनी दाखवली ती जागा नव्हती, ती खोली होती. समुद्रात माणूस स्वतःची जागा पाण्यावरून लक्षात ठेवतो: काठापासून इतकं आत, पाणी इथवर. बाई पाण्यात होत्या तेव्हा, साडेपाचच्या सुमारास, काठ एका ठिकाणी होता, रात्री नऊला दुसऱ्याच. बाई काठाबरोबर चालत गेल्या, आणि त्यांच्यामागून सगळा शोध गेला.

भरतीची वेळ त्या दिवशी दुपारी ३ची होती, ओहोटीची रात्री ९ वाजून १२ मिनिटांची. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर, म्हणजे उधाण (सर्वात मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (सर्वात लहान) यांच्या मधला. किनाऱ्याचा उतार मी दुसऱ्या दिवशी मोजला, तो साधारण तीसास एक निघाला, म्हणजे तीस मीटर चाललं की एक मीटर खाली. २.४ मीटर पाणी उतरलं की काठ ७२ मीटर मागे जातो. रात्री नऊला गुडघाभर पाण्यात, म्हणजे भरतीच्या रेघेपासून ८५ मीटरवर जिथे दीर उभे होते, तिथे साडेपाचला जवळजवळ दोन मीटर पाणी होतं. बाईंबरोबर पाण्यात त्यांची पाच वर्षांची मुलगी होती. ती सोडाच, तिचे वडीलही तिथे टेकले नसते.

जागा चुकली की यंत्र कितीही चांगलं असो, उपयोग नसतो, याचं फार जुनं उदाहरण आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन आले. यंत्राचं तत्त्व आजच्या डिटेक्टरचंच. आधीच्या चाचण्यांत ते चाललंही होतं. पण गोळी उजव्या बाजूला आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी धरून ठेवलं होतं आणि शोध त्याच बाजूला झाला. शवविच्छेदनात ती मणक्याच्या डावीकडे मिळाली. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असंही सांगतात, पण बाजूच चुकलेली असताना स्प्रिंगांना किती दोष द्यायचा?

विचारपूस

मी यंत्र गाडीतून काढायच्या आधी बोलतो. लोकांना ते आवडत नाही. भरती परत चढणार हे त्यांना कळत असतं आणि समोरचा माणूस गप्पा मारत बसलाय असं वाटत असतं. तरी हा वेळ वाचवण्यासारखा नाही.

"अंगठी कुठे पडली?" हा प्रश्न मी विचारतच नाही. पडताना कळलं असतं तर ती पडलीच नसती. विचारायचं ते हे: काय करत होता, कोणत्या हाताने, कोणाबरोबर, तोंड कुठे होतं. आणि नवरा-बायकोला शक्यतो वेगवेगळं विचारायचं, कारण एकत्र बसले की पाच मिनिटांत दोघांची एकच गोष्ट तयार होते आणि त्यात जास्त ठामपणे बोलणाऱ्याची बाजू उरते.

नवऱ्याचं म्हणणं, चेंडू खेळताना गेली. चेंडू त्यांनी उजव्या हाताने फेकला होता, बायकोनेही उजव्याच हाताने. अंगठी डाव्या हातात. तो धागा तिथेच संपला. फेकताना निसटलेली अंगठी दहा-पंधरा मीटरवर जाऊन पडू शकते, त्यामुळे हे आधी निकालात निघालं हे बरं झालं.

"ताई, चेंडू सोडून आणखी काय केलंत पाण्यात?"

"काही नाही. हिला धरून उभी होते."

"कशी धरली होती?"

त्यांनी उठून दाखवलं. मुलीच्या दोन्ही हातांना धरून, प्रत्येक लाट आली की तिला वर उचलायचं आणि लाट गेली की खाली टेकवायचं. मुलीची पकड आईच्या बोटांवर. सगळं वजन बोटांवर, आणि ते बोटांच्या टोकाकडे ओढणारं. शिवाय हात ओले, त्यावर उन्हासाठी लावलेलं क्रीम, आणि गार पाण्यात बोटं थोडी आक्रसतात ते वेगळं. अंगठी निसटायला याहून चांगली जुळणी सांगता येणार नाही.

यातून आणखी एक गोष्ट हाती आली. लाट गेली की मुलगी पायांवर उभी राहत होती. पाच वर्षांच्या मुलीची उंची एक मीटर आणि वर थोडी. लाटांमधल्या शांत पाण्यात ती उभी राहते म्हणजे पाणी तिच्या फार तर छातीपर्यंत, मोठ्या माणसाच्या गुडघ्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत. आईच्या कमरेएवढं पाणी असतं तर मुलगी बुडाली असती. पाण्यातली खोली सगळेच वाढवून सांगतात, कारण आठवणीत राहते ती सर्वात मोठी लाट. म्हणून खोली मी सांगण्यावरून घेत नाही, बरोबरच्या मुलांच्या उंचीवरून घेतो. इथे ती ४५ ते ७५ सेंटीमीटर धरली.

मग फोटो. वडील मधूनमधून बाहेर येऊन फोटो काढत होते. त्यांनी ते आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, पण तसे आलेल्या फोटोंत मूळ वेळ राहत नाही, म्हणून फोन हातात घेऊन मूळ फोटो पाहिले. ५ वाजून १५ मिनिटांच्या फोटोत आईचा डावा हात मुलीच्या खांद्यावर, मोठं करून पाहिलं तर अंगठीची कड चमकलेली. ५ वाजून ४५च्या फोटोत तोच हात वर केलेला, बोट रिकामं. म्हणजे जे झालं ते या अर्ध्या तासात. सव्वापाचच्या फोटोच्या कडेला पाण्याने अर्धा भिजलेला एक काळा खडक दिसत होता. अंगठीच्या खालोखाल मला त्या फोटोत आवडलेली वस्तू तीच.

काठ कुठे होता

अर्ध्या तासाची खिडकी आणि ४५ ते ७५ सेंटीमीटर ही खोली मिळाल्यावर उरतो तो हिशोब. भरती-ओहोटीसाठी बारा भागांचा जुना ठोकताळा आहे. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. २.४ मीटरचे बारा भाग केले की एक भाग २० सेंटीमीटर. तीनला भरती, म्हणजे सव्वापाचपर्यंत पाणी उतरलं २० अधिक ४० अधिक तिसऱ्या तासाचा पाव भाग १५, एकूण ७५ सेंटीमीटर. पावणेसहापर्यंत १०५. नेमकी हीच वेळ ओहोटीच्या सर्वात वेगवान टप्प्यातली होती. अर्ध्या तासात काठ नऊ मीटर मागे गेला होता, आणि आई-मुलगी न कळत त्याच्यामागून सरकत होत्या.

उतार मोजायला फार काही लागत नाही. तीन मीटरची दोरी ताणून सपाट धरली, पाण्याच्या बाटलीतला बुडबुडा मधोमध आणून ती सपाट आहे का ते पाहिलं, आणि खालच्या टोकाशी दोरी व वाळू यांच्यात किती अंतर पडतं ते मोजलं. दहा सेंटीमीटर. दोन-तीन जागी करून पाहिलं, आकडा फारसा बदलला नाही. सगळ्याच किनाऱ्यांवर उतार असा एकसारखा नसतो. वरचा भाग उभा आणि खालचा सपाट असेल तर हे गणित तुकड्या-तुकड्याने करावं लागतं.

तीसास एक या उताराने सव्वापाचचा काठ भरतीच्या रेघेपासून साडेबावीस मीटरवर येतो, पावणेसहाचा साडेएकतीस मीटरवर. त्यापुढे ४५ ते ७५ सेंटीमीटर खोली, म्हणजे आणखी साडेतेरा ते साडेबावीस मीटर. पट्टा निघाला ३६ मीटरपासून ५४ मीटरपर्यंत. भरतीची रेघ म्हणजे वाहून आलेलं शेवाळ आणि काड्या. रात्री ३ वाजून २५ मिनिटांची भरती जरा कमी उंचीची होती, त्यामुळे आदल्या दुपारची रेघ वर शाबूत होती. नसती तर मोजायला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न होता.

कागदावरचं गणित खरं मानायच्या आधी खडकाकडे गेलो. सव्वापाचच्या फोटोत पाणी ज्या खडकाला लागलं होतं तो रेघेपासून २४ मीटरवर होता. हिशोब म्हणत होता साडेबावीस. लाटेची जीभ दोन-तीन मीटर वर-खाली होतच असते, तेव्हा हे जुळलं असंच धरायचं. खडक आणि हिशोब यांच्यात दहा मीटरचा फरक पडला असता तर मी खडकाची बाजू घेतली असती. वारा आणि हवेचा दाब पाण्याची पातळी तक्त्यापेक्षा वर-खाली करतात, खडक ते सगळं धरून दाखवतो.

किनाऱ्याच्या लांबीकडचा अंदाज ढोबळ होता. टॉवेल जीवरक्षकाच्या मचाणासमोर, पण पाणी तिरकं ओढत असेल तर पोहणारी माणसं हळूहळू बाजूला वाहत जातात आणि बाहेर आल्यावर "आपला टॉवेल कुणी हलवला?" म्हणतात. दोन्ही फोटोंत मागचं मचाण कुठे दिसतं ते पाहून ती मंडळी टॉवेलपासून पंधरा-वीस मीटर उजवीकडे होती हे कळलं. दोन्ही बाजूंना थोडं जास्त धरून ३५ मीटर लांबी ठरवली. १८ गुणिले ३५, साधारण ६३० चौरस मीटर वाळू. एका ओहोटीत नीट होण्यासारखी.

यंत्राची निवड

दोन पर्याय होते. एक पल्स इंडक्शन जातीचं यंत्र. ते कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, विजेचा झटका सोडतं, बंद होतं, आणि धातूत उमटलेले प्रवाह विरायला किती वेळ लागतो ते ऐकतं. खाऱ्या पाण्यातले प्रवाह फार लवकर विरतात, त्यामुळे खारं पाणी आणि काळी लोहयुक्त वाळू त्याला फारशी भिववत नाही आणि खोलीही चांगली मिळते. पण लोखंड कोणतं आणि सोनं कोणतं हे ते धड सांगत नाही. केसांच्या पिनेसाठी दोन फूट खड्डा खणायचा, पाण्याने तो ढासळायचा, परत खणायचा. लोकांची वर्दळ असलेल्या किनाऱ्यावर यात अख्खी ओहोटी जाते.

दुसरं, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र. ओली खारी वाळू स्वतःच वीजवाहक असते. ती क्षीण वाहक आहे पण कॉइलखाली सगळीकडे आहे, आणि तिचा सिग्नल नेमका कमी वाहकतेच्या धातूंच्या बाजूला पडतो, जिथे पातळ सोनं आणि अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल असतो. एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र मिठाचा आवाज दाबायला गेलं की सोन्याचाही थोडा दाबतं. दोन-तीन फ्रिक्वेन्सी असतील तर त्यांची तुलना करून मीठ वजा करता येतं. अंगठी पडून एकच भरती वरून गेली होती, लाटा मोठ्या नव्हत्या, म्हणजे ती फार खोल गेलेली नसणार. मी हेच घेतलं.

पट्ट्यात शिरण्याआधी नवऱ्याला म्हटलं, "तुमची अंगठी पाच मिनिटं द्या." जोडीची अंगठी मिळणं हे या प्रकरणातलं भाग्य. ती दोरा बांधून ओल्या वाळूत वीतभर पुरली आणि वरून कॉइल फिरवलं. यंत्राच्या पडद्यावर धातूचा अंदाज देणारा आकडा असतो, तो १३-१४ येत होता, आवाज मऊ आणि गोल. बायकोची अंगठी मापाने लहान, तेव्हा ११ ते १३ मध्ये अपेक्षा ठेवली. हे आकडे या यंत्राचे, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वेगळे येतील. पण मुद्दा असा की बुचाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या आणि फॉइलच्या घड्याही १० ते १५ मध्येच येतात. सोन्याचा असा वेगळा आकडा नसतो. या पट्ट्यातलं काहीही वगळायचं नाही, तेवढं सगळं खणायचं, हे तिथेच ठरलं. हरवलेली वस्तू बारीक साखळी असती तर मात्र माझी पंचाईत होती. यंत्राला साखळी अखंड दिसत नाही, एकेक कडी वेगळी दिसते, आणि एका कडीचा सिग्नल जवळपास नसतोच. तुटलेली अंगठीही तशीच, वर्तुळ तुटलं की प्रवाह फिरायला वाट राहत नाही.

पट्ट्यात

मचाणावरच्या माणसाला सांगून, परवानगी आहे याची खात्री करून सुरुवात केली. वरच्या कोरड्या वाळूत कासवांच्या घरट्यांभोवती खुणा लावलेल्या होत्या. तिकडे जायचं कारण नव्हतं, आणि असतं तरी गेलो नसतो.

सकाळची ओहोटी ९ वाजून ३७ मिनिटांची. पट्ट्याची वरची कड साडेसहापर्यंत उघडी पडली होती, खालची साडेसातच्या सुमारास. खालची कड साडेअकराच्या पुढेमागे परत पाण्याखाली जाणार. मी वरून सुरू केलं आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली सरकत गेलो. ओळी काठाला समांतर ठेवल्या, काटकोनात नाही. समांतर ओळीत वाळूचा ओलेपणा आणि खारटपणा सारखा राहतो, यंत्र एकदा जमिनीशी जुळवलं की ओळभर शांत असतं. काठाकडे जाणाऱ्या ओळीत दर पाच पावलांवर वाळू बदलते आणि यंत्र कुरकुरत राहतं. डाव्या हाताने लांब दांड्याच्या जाळीदार फावड्याचं टोक मागे ओढत न्यायचं, म्हणजे वाळूत चर पडतो आणि परतताना कुठवर झालंय ते दिसतं. कॉइल वाळूला जवळजवळ घासत, हळू, आणि आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर चढवून. किनाऱ्यावर लोक झाडू मारल्यासारखं यंत्र फिरवताना दिसतात. त्यांच्या मागून गेलं की बरंच काही मिळतं.

पहिल्या ओळींत वरच्या थरात फॉइल, बुचाच्या कड्या, एक चुरगळलेली नळी. आवाज टोकदार, आकडा उड्या मारणारा. लोखंडी बुचं वेगळी ओळखू येतात: एका दिशेने छान आवाज देतात आणि काटकोनात वळून परत कॉइल फिरवलं की तुटतात.

चाळिशीच्या मीटरांत वाळू बदलली. वर मऊ वाळू, पण फावडं वीतभर खाली गेलं की कर्र आवाज, शिंपल्यांचा चुरा आणि जाड खडी. तिथून एक शिशाचं वजन निघालं, मग दोन नाणी, परत एक वजन. मला हे फार आवडलं. शिशाची घनता ११.३, अठरा कॅरेट सोन्याची १५च्या वर, वाळूची म्हणजे गारेची २.६५. लाट परतताना जड वस्तूभोवतीची वाळू उपसते, पाण्याने भरलेली वाळू क्षणभर पातळ होते आणि वस्तू थोडी खाली बसते. असं करत ती घट्ट थरापर्यंत जाते आणि तिथे थांबते. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मात्र लाटेबरोबर इकडून तिकडे फिरत राहतो. त्यामुळे साध्या हवेत अंगठी काठाच्या दिशेने फार पळत नाही, खाली जाते. मोठ्या वादळानंतर हे गणित मोडतं, कारण तेव्हा अख्खा थरच उचलला जातो. पण त्या रात्री वादळ नव्हतं. शिसं जिथे थांबलंय तिथे सोनंही थांबलं असणार.

सिग्नल आला तो पट्ट्याच्या मध्याच्या जरा अलीकडे, रेघेपासून ४४ मीटरवर. १२. परत फिरवलं, १२. काटकोनात वळून फिरवलं, १२, क्वचित ११. आवाज मऊ, दोन्ही बाजूंनी सारखा वर चढून उतरणारा. असे आवाज कधीकधी नीट घडी घातलेला फॉइलही देतो, तेव्हा नवरा-बायको जवळ येऊन उभे राहिले तरी मी काही बोललो नाही.

फावडं सिग्नलच्या मागे लावून तिरकं घातलं, वस्तूवर नाही. पहिला घाणा वर आणला, चढाच्या बाजूला टाकून पायाने पसरला, त्यावर कॉइल फिरवलं. काही नाही. खड्ड्यात अजून होतं, पण आता आकडा थोडा हललेला. ओल्या खड्ड्यात हीच घाईची जागा. पाणी भरतं, कडा ढासळतात, आणि वस्तू त्या पातळ वाळूतून आणखी खाली घसरते. खोल जाण्याऐवजी खड्डा रुंद केला. दुसऱ्या घाण्यात कर्र झालं. तो घाणा बाजूला टाकला आणि यंत्र त्यावर ओरडलं. हातातल्या छोट्या पिनपॉइंटरने, म्हणजे नेमकी जागा दाखवणाऱ्या कांडीने, चुऱ्यात चाचपलं. शिंपल्याच्या एका अर्ध्या वाटीत वाळूबरोबर रुतून बसलेली होती. खोली साधारण १८ सेंटीमीटर.

आतली अक्षरं बाईंना आधी विचारून ठेवली होती. ती वाचली, जुळली, आणि अंगठी त्यांच्या हातात दिली. मुलीने विचारलं, "शिंपला मला मिळेल का?" तो तिला दिला.

४४ मीटर म्हणजे काय हे नंतर मांडून पाहिलं. साडेपाचला काठ २७ मीटरवर होता. तिथून १७ मीटर आत, पाणी ५७ सेंटीमीटर. मुलगी उभी राहू शकेल असं.

दिरांचं यंत्र

दीर सकाळी आले होते आणि सगळा वेळ माझ्या मागे चालत होते. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "रात्री मी बरोबर जागी असतो तर माझ्या यंत्राला मिळाली असती का?"

करून पाहायला काही हरकत नव्हती. भावाची अंगठी परत दोरा बांधून त्याच थरात पुरली आणि त्यांचं यंत्र रात्री होतं त्याच सेटिंगवर चालू केलं. त्यांनी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंवर यंत्राला गप्प ठेवायची सोय, इतकं वर नेलं होतं की फॉइल आणि बुचाच्या कड्या वगळल्या जाव्यात. कचऱ्याचा त्रास नको म्हणून बहुतेक जण हेच करतात, आणि कोरड्या वाळूत नाणी शोधताना ते चालूनही जातं. यंत्र अंगठीवरून गेलं आणि गप्प राहिलं. परत नेलं, परत गप्प. मग डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाकलं. आता यंत्र ओल्या वाळूवर सतत घोगरं बोलत होतं, पण अंगठीवरून जाताना त्या घोगरेपणात एक स्पष्ट उंचवटा येत होता. संवेदनशीलता थोडी कमी केली तर आणखी स्पष्ट. मिळाली असती, पण सगळा कचरा खणायची तयारी ठेवली असती तरच.

मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. किनाऱ्यावर हरवलेली वस्तू लक्षात आली की त्याच क्षणी, पाण्यातून हलायच्या आधी, पाण्याकडे पाठ करून जमिनीकडे बघायचं आणि दोन स्थिर वस्तू एका रेषेत येतात का ते शोधायचं: मचाणाच्या मागे विजेचा खांब, झाडाच्या मागे छपराचा कोपरा. बाजूला अशी आणखी एक जोडी मिळाली की त्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही उभे आहात, भरती असो की ओहोटी. फोनने त्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, वेळ आपोआप लिहिली जाते. आणि हातांनी उकरत बसायचं नाही, त्याने वस्तू फक्त खाली जाते.

त्यांनी तिथेच उभं राहून खांब आणि मचाण जुळवून पाहिलं, दोन पावलं डावीकडे गेले, रेषा मोडली, परत आले. मग यंत्र चालू केलं, डिस्क्रिमिनेशन शून्यावर, आणि उरलेल्या ओळींत शिरले. पाणी परत चढेपर्यंत त्यांच्या पिशवीत ओंजळभर फॉइल, सात कड्या आणि चांदीचं एक छोटं पैंजण जमा झालं होतं. ते त्यांनी जागा आणि वेळ कागदावर लिहून मचाणावरच्या माणसाकडे जमा केलं.